सुई तेवढी बदलली

३ जुलै

प्रिय आत्या,

तुला फोनवर आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही, हे मागच्या खेपेला मी घसा बसेपर्यंत ओरडून सिद्ध केलं. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येऊन विचारून गेल्या, भांडण कोणाशी चाललंय म्हणून. तेव्हा आता पत्र. अक्षराला हसू नकोस.

बातमी अशी, की आमच्या नर्सिंग कॉलेजात यंदा नवा विषय आलाय. आरोग्यसेवेतली शाश्वतता. म्हणजे हॉस्पिटलनं कचरा कमी करावा, वीज-पाणी जपून वापरावं, नुसता कागद हलवायला हातमोजे चढवू नयेत, असलं सगळं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि हे घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. प्राचार्यबाई म्हणाल्या, "तुम्हाला आवड आहे ना अशा गोष्टींची?" मी एकदा रिकाम्या डब्यात रोप लावलं होतं, तेवढीच काय ती आवड.

पण खरं सांगू? शिकवायला बसले आणि विषय मलाच लागला. परवा दुसऱ्या वर्षाच्या चाळीस मुलींना घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला गेले. एका दिवसाच्या पिवळ्या पिशव्या छताला टेकल्या होत्या. पलीकडे त्या जाळायची भट्टी आणि तिच्या धुराच्या बरोबर समोर लहान मुलांच्या वॉर्डाच्या खिडक्या. दम्याची पोरं आपण एका दारानं आत घेतो आणि दुसऱ्या दारानं त्यांना धूर पाजतो. मी हे तावातावानं सांगत होते, तर एकीनं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

तू तीस वर्षं नर्स, त्यातली बारा मेट्रन. तुमच्या वेळी हे फेकण्याचं वेड नव्हतं. तुम्ही कसं भागवायचात ते लिही ना. पुस्तकातलं ऐकून या पोरी जांभया देतात.

तुझी भाची


८ जुलै

मास्तरीणबाईंना आशीर्वाद,

या जगात शाश्वत काही नसतं असं ऐकत म्हातारी झाले, आता त्याचा तासही असतो म्हणे! बरं आहे.

सांग तुझ्या पोरींना. आम्ही हातमोजे धुऊन, दोरीवर वाळवून, भोकं आहेत का ते फुगवून बघून, पावडर लावून पुन्हा वापरायचो. पट्ट्या धुऊन गुंडाळायचो. सिरिंजा काचेच्या, एक फुटली तर कागदावर सही करून दुसरी मागायची आणि वर बोलणी खायची. सुयांना दगडावर घासून धार लावायची. आमच्या वॉर्डाचा दिवसाचा कचरा एका टोपलीत मावायचा, आणि त्यातही निम्मा पेशंटच्या नातेवाइकांचा.

एक वर्ष रॉकेलची अशी टंचाई झाली, की वॉर्डाला आठवड्याला एक बाटली मिळायची. सिरिंजा उकळायचा स्टोव्ह त्याच्यावर. मी बायकांच्या वॉर्डाची नुकती इन्चार्ज झालेले. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, आता कसं? मी म्हटलं, बघाच. दिवसातून एकदाच, सकाळी, स्टोव्ह पेटवायचा आणि तेवढ्यात सगळ्या बायकांचं भागवायचं. आठ दिवस असे काढले आणि एक इंजेक्शन चुकू दिलं नाही. सगळीकडे नाव झालं माझं. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ना, ते आम्ही करून दाखवलंय. सांग त्यांना.

मोठ्या अक्षरात लिहीत जा. कान गेले, आता डोळेही मागे लागलेत.

आत्या


२७ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं आणि अगं, टाळ्या पडल्या! हातमोजे फुगवण्याचं ऐकून तर हसून हसून लोळल्या. रॉकेलच्या आठवड्याला मात्र सगळ्या गप्प बसून ऐकत होत्या. आता वर्गात तुझं नाव 'बाटलीवाल्या आत्या' पडलंय, रागावू नकोस.

त्या जोरावर मी एक स्पर्धा काढली. मुलींचे पाच गट, प्रत्येकाला एकेक वॉर्ड. रोज दुपारी त्या वॉर्डाच्या पिशव्या ताणकाट्याला लावून वजन लिहायचं. ज्या गटाचा कचरा सगळ्यात कमी, त्यांचं नाव फळ्यावर. आता बघावं तर पोरी सिरिंजांचे बॉक्स मोजतायत, अर्धवट वापरलेल्या कापसाचा हिशेब विचारतायत. एका गटानं कचऱ्याच्या डब्यांच्या जागा बदलल्या, म्हणजे कागद पिवळ्या पिशवीत जाईना, आणि तेवढ्यानंच तीन किलो कमी झालं.

यातली एक मुलगी तुला आवडेल. सगळ्या तिला मुंगी म्हणतात. पेन्सिल बोटात धरता येत नाही इतकी झिजली तरी टाकत नाही, पाठकोऱ्या कागदांवर नोट्स काढते. बोलत फारशी नाही. तुझं पत्र संपल्यावर तिनं हात वर केला. "मॅडम, दिवसातून एकदाच उकळायचं, तर सिरिंज सगळ्यांना पुरायची कशी?" नेमकी घंटा झाली. मी म्हटलं, "डोकं लढवलं की सगळं पुरतं." हशा झाला आणि तास सुटला.

आत्या, वीस वर्षं शिकवतेय, पण आपण शिकवलेलं कोणी खरंच करतंय असं पहिल्यांदा दिसतंय. आणखी लिही. पुढच्या तासाला हवंय.

तुझी भाची


१ ऑगस्ट

बाळ,

माझी पत्रं वर्गात वाचू नकोस. म्हातारी माणसं बढाया मारतात, त्या चार भिंतींत ठीक असतात. तुला वाचायला लिहिलं होतं, चाळीस पोरींना नाही.

त्या मुलीला तू नीट उत्तर द्यायला हवं होतंस. तिला बोलावून सांग, की तेव्हाचं तेव्हा, आता तसलं काही करायचं नाही. जुनं म्हणून सगळंच चांगलं नसतं. हे नक्की सांग.

बाकी ठीक. गुडघा दुखतो.

आत्या


२० ऑगस्ट

आत्या,

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. त्याच माणसाकडे उत्तर दे. तो थांबेल, मी सांगून ठेवलंय.

मागचं तुझं पत्र वाचून मी हसले होते. म्हटलं, स्तुती झाली की आत्या लाजते. मुंगीला बोलावलंच नाही. विसरले असंही नाही, गरजच वाटली नाही.

पुरुषांच्या वॉर्डात तिच्या गटाची पाळी होती, नऊ दिवस. त्यांचं वजन असं काही उतरलं, की मी दोनदा ताणकाटा तपासला. शनिवारी वर्गात त्यांचं नाव फळ्यावर लिहिलं आणि मुंगीला पुढे बोलावलं. म्हटलं, सांग सगळ्यांना, कसं केलंस. पेशंटच्या हातात बसवलेली नळी तुंबू नये म्हणून दर पाळीला त्यात सिरिंजनं सलाईन सोडायचं असतं, ते काम तिच्याकडे होतं. ती म्हणाली, "दर पेशंटला नवी सिरिंज घेतली नाही, मॅडम. सिरिंज तीच ठेवायची, सुई तेवढी बदलायची. एका सिरिंजमध्ये अख्खी रांग होते. तुमच्या आत्यांनी केलं असणार तसंच." किती आनंदात सांगत होती! पहिल्यांदाच न अडखळता बोलली. आणि आत्या, पुढच्या बाकावरच्या तिघीजणी ते लिहून घेत होत्या.

सुई बदलली तरी मागे ओढलेलं रक्त सिरिंजमध्ये येतं, हे पहिल्या वर्षाला मीच शिकवते. तिच्या डोक्यात ते आलं नाही, कारण माझ्या तासाला ते कोणी म्हटलंच नव्हतं. माझ्या तासाला फक्त वाचवायचं होतं.

नऊ दिवसांत तेवीस पेशंट. त्यातल्या एकाच्या फाइलवर 'बी' कावीळ लिहिलेलं आहे. अकराजण घरी गेलेत.

प्राचार्यबाईंना लगेच सांगितलं. त्यांनी दार लावलं. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात तपासणीची कमिटी येतेय, मान्यता जाईल. मुलगी एकोणीस वर्षांची, तिचं आयुष्य बरबाद होईल. वॉर्डाच्या सिस्टरला कळलेलं नाही, मुलींना आपण दम देऊ. "आणि कोणाला काही झालं तरी ते इथूनच झालं हे कोण सिद्ध करणार?" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दोन दिवस झाले, मी वर्गावर जातेय, हजेरी घेतेय.

मला भीती वाटते गं. मुंगीची वाटते, नोकरीची वाटते, आणि माझा विषय बंद पडेल याचीसुद्धा वाटते, बघ किती नालायक आहे मी. तू मेट्रन होतीस. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?

भाची


२१ ऑगस्ट

बाळ,

कुरिअरवाला बाहेर पायरीवर बसलाय. त्याला चहा दिलाय.

मी काय केलं असतं ते विचारतेस. मी काय केलं ते सांगते. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही.

तुझ्या मुलीनं बरोबर ओळखलं. रॉकेलच्या त्या आठ दिवसांत सकाळी एकदा सिरिंजा उकळायच्या आणि मग दिवसभर, एका बाईकडून दुसरीकडे जाताना, सिरिंज स्पिरिटनं खळबळायची आणि सुई तेवढी बदलायची. माझीच युक्ती. माझ्या हाताखालच्या एका मुलीनं विचारलं होतं, सिस्टर, चालेल का? मी म्हटलं, मी सांगतेय ना. दोन-अडीच महिन्यांनी त्यातल्या बायकांना कावीळ व्हायला लागली. एकीला, मग दुसरीला. चौथी आली तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनाही कळलं असावं. ते माझ्याकडे बघायचे आणि फाइल मिटायचे. कोणी काही बोललं नाही. माझं नाव झालेलं होतं ना.

त्या आठवड्यात आठ नंबरच्या बेडवर तुझी आई होती. वहिनी. निमोनिया झाला होता, मीच भरती करून घेतलं, माझ्या नजरेसमोर राहील म्हणून. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं मीच द्यायची, दुसऱ्या कोणाला देऊ द्यायची नाही. बरी होऊन घरी गेली. पुढचं तुला माहीत आहे. तू सात वर्षांची होतीस.

दादा म्हणाला, कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी बाधलं, मीच आणायचो. मरेपर्यंत तो पाणी उकळून प्यायला आणि मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिला. मी समोर बसून ऐकलं. एकदाही म्हटलं नाही, की दादा, पाणी नव्हतं. तुला मांडीवर घेऊन मी तुझ्या वेण्या घालायची आणि लोक म्हणायचे, आत्या असावी तर अशी.

मागच्या महिन्यात त्या पोरीचा प्रश्न तुझ्या पत्रात वाचला. तेव्हाच सरळ लिहायला हवं होतं. लिहिलं काय, तर गुडघा दुखतो. दुसऱ्यांदा गप्प बसले. माझ्यासारख्या बाईला काय विचारतेस?

आता ऐक. हे वाचून झालं की उठ. प्राचार्यबाईंच्या डोक्यावरून थेट हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांकडे जा. त्या काविळीवर आता लस आहे, इंजेक्शन आहे, आमच्या वेळी काही नव्हतं. पण आठवड्याच्या आत दिलं तर त्याचा खरा उपयोग. एकेक दिवस गेला, की एकेका दिवसाची माणसं हातची जातायत. माझ्यावर रडायचं, ओरडायचं ते नंतर. त्याला आयुष्य पडलंय.

आत्या


९ सप्टेंबर

आत्या,

गेले. तुझं पत्र त्याच संध्याकाळी मिळालं आणि मी मुख्य डॉक्टरांच्या घरी गेले. ते जेवायला बसत होते, तसेच उठले.

तेवीसच्या तेवीस शोधले. घरी गेलेल्यांकडे मी स्वतः गेले, वॉर्डाच्या सिस्टरला घेऊन. शेवटी सापडला तो बस चालवणारा एक माणूस, त्याला इंजेक्शन मिळेपर्यंत बारा दिवस होऊन गेले होते. त्यानं विचारलं, "शनिवारी कळलं होतं, मग मला गुरुवारी का सांगताय?" मी म्हटलं, मी घाबरले होते. त्यानं शर्टाची बाही वर केली. आता त्याच्या बायकोनं त्याचं ताट-वाटी वेगळी ठेवलीय आणि तो मुलीला जवळ घेत नाही. रक्ताच्या पहिल्या तपासण्या आल्यात, पण त्यांवरून काही कळत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा, मग सहा महिन्यांनी. तोवर तेवीस घरं वाट बघत बसणार.

मुंगीला वर्षभरासाठी काढलं. माझंच चुकलं असं मी चौकशीत लिहून दिलं, तरी काढलं. तिचे वडील न्यायला आले होते. बॅग उचलताना ती म्हणाली, "मॅडम, मी विचारलं होतं ना?" एवढंच. मला कॉलेजनं वर्गावर जायला बंदी केलीय. विषय बंद झाला. कालपासून हॉस्पिटलात कागद उचलायलासुद्धा हातमोजे लागतात आणि भट्टी दिवसरात्र चालू असते. मुलांच्या वॉर्डाच्या खिडक्या लावून घेतल्यात.

आता तुझ्याविषयी. मी तुझ्यावर रडले नाही. रडू येत नाही. बाबा शेवटच्या आजारातसुद्धा मला म्हणाले होते, त्या नळाचं पाणी मी आधीच बंद करायला हवं होतं. तेव्हा तू खोलीत होतीस, आत्या. त्यांची उशी नीट करत होतीस. मला वेण्या घालणाऱ्या हातांची शिसारी येते आणि त्याच हातांनी मला वाढवलं हेही खरं आहे, याचं मी काय करू ते मला कळत नाही.

एकच विचारते. आई आठ नंबरवर होती. बाकीच्या बेडवर कोण होतं? मला तू तेवीस जणांच्या दारात पाठवलंस, ते बरोबरच केलंस. पण तुझ्या वॉर्डातल्या बायकांच्या घरी कोणी गेलं का? तुझी यादी कुठे आहे?

याचं उत्तर देईपर्यंत मला दुसरं काही लिहू नकोस.


२८ सप्टेंबर

बाळ,

यादी कागदावर कधीच नव्हती. पण विसरलेही नाही. चौदा बायका होत्या.

एक नंबर, शाळेत घंटा द्यायची ती. दोनवर तिचीच जाऊ, दोघी मिळून एकच पंखा हलवायच्या. तीन, शिलाईकाम करणारी, वॉर्डातसुद्धा माझ्या एप्रनची उसवलेली शिवण घालून दिली होती. चार आणि पाच मायलेकी. सहा, गवंड्याची बायको, पोटुशी. सात, पोस्टातल्या कारकुनाची आई. आठ तुझी आई. नऊ, जिला सगळे बोलकी म्हणायचे. दहाचा चेहरा आठवतो, तिच्या घरची माणसं आठवत नाहीत. अकरा आणि बारा एकाच गिरणीतल्या. तेरा, नवी नवरी. चौदा, आमच्याच हॉस्पिटलात फरशी पुसणारी. तिनं मला कितीदा तरी विचारलं होतं, सिस्टर, मला कशानं झालं असेल?

पाच जणी गेल्या, तुझ्या आईला धरून. तेवढ्या मला ठाऊक आहेत. बाकीच्यांचं मी मुद्दाम विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं.

आधी त्या हॉस्पिटलात गेले. तिथं आता सगळी नवी माणसं. ऑफिसातला मुलगा कानाशी ओरडून म्हणाला, इतकं जुनं रेकॉर्ड नाही, आजी, घरी जा. मग म्हटलं, घरं तरी आहेत. सगळं स्वच्छ अक्षरात एका कागदावर लिहून काढलं. कोण मी, काय केलं, आणि पोरंबाळं असतील तर त्यांनी रक्त तपासून घ्यावं, हे आईकडून मुलांना जातं म्हणून.

काल शिलाईवालीच्या घरी गेले. ती जाऊन अकरा वर्षं झाली. लिव्हर खराब झालं होतं. मुलीनं दार उघडलं, केस तिचेही पांढरे झालेत. मला ओळखून आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी आणलं. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं उभ्यानंच वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला. काहीतरी बोलली. मी कानाला हात लावून खूण केली, तेव्हा तिनं टेबलावरचं पेन घेऊन त्याच कागदाच्या मागे लिहिलं:

"आम्ही सगळे आईला म्हणायचो, तू लपून दारू पितेस. बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं."

मग तिनं माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि दार उघडं धरलं.

ते वाक्य लिहिलेला कागद तिनं ठेवून घेतला, म्हणून तुला पाठवता आला नाही. नवा लिहून काढलाय. उद्या गवंड्याच्या घरी जाते.

आत्या